सौर ऊर्ध्वपातक : साठवलेल्या उष्णतेचा जमाखर्च

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की काही प्रतिकृती हमखास भेटतात. ज्वालामुखी असतो, पवनचक्की असते आणि एका कोपऱ्यात उतरत्या काचेची एक काळी पेटीही असते. पेटीत खारे पाणी, काचेच्या आतल्या बाजूला थेंब आणि खालच्या पन्हळीतून बाटलीत टपटप जमा होणारे शुद्ध पाणी. हा सौर ऊर्ध्वपातक. गेल्या काही वर्षांत या पेटीत एक सुधारणा दिसू लागली आहे. तळाशी काळे खडे, वाळू, विटांचे तुकडे, लोखंडाचा कीस किंवा मेणाने भरलेल्या नळ्या ठेवलेल्या असतात. शेजारच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, 'उष्णता साठवणाऱ्या पदार्थांमुळे पाण्याच्या उत्पादनात ४० टक्के वाढ'. कुठे हा आकडा ७० असतो, कुठे शंभराच्याही पुढे जातो. कारण विचारले तर विद्यार्थी तत्परतेने सांगतात, 'खडे दिवसा उष्णता साठवतात आणि रात्री ती पाण्याला देतात. त्यामुळे रात्रीही पाणी मिळते.'

उत्तर ऐकायला छान वाटते. परीक्षक मान डोलावतात, गुण देतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. आम्हीही अनेकदा तसेच केले आहे. पण हे उत्तर अर्धेच आहे आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागातच खरे विज्ञान दडलेले आहे. हा दोष केवळ मुलांचा नाही. या विषयावर देशोदेशी शोधनिबंधांची रीघ लागली आहे आणि त्यांतल्या बऱ्याच निबंधांचा घाट याच तक्त्यासारखा असतो : एक साधी पेटी, एक सुधारित पेटी आणि दोघींमधला टक्क्यांचा फरक. हा फरक कसा वाचावा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम यंत्राची ओळख ताजी करून घेऊ. सौर ऊर्ध्वपातन ही काही नवी कल्पना नव्हे. चिलीच्या उत्तरेकडील वाळवंटात लास सालिनास येथे १८७२ साली चार्ल्स विल्सन या अभियंत्याने असा एक मोठा प्रकल्प उभारला. लाकडी चौकटी, काळा केलेला तळ आणि वर काच, एवढाच सारा सरंजाम. काचेखालचे क्षेत्र सुमारे साडेचार हजार चौरस मीटर होते आणि चांगल्या उन्हात दिवसाला वीस हजार लिटरहून अधिक गोडे पाणी मिळत असे. ते सोरा काढणाऱ्या खाणीसाठी आणि तेथील खेचरांसाठी वापरले जाई. हा प्रकल्प सुमारे चार दशके चालला. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ साली जवळच्या अवाणिया गावी असाच प्रकल्प उभारला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८६७ चौरस मीटर आणि कमाल क्षमता दिवसाला ५,००० लिटर होती. भागाकार केला तर एका चौरस मीटरला २.७ लिटरच्या आसपास उत्तर येते. हा आकडा लक्षात ठेवावा. साध्या, नीट बांधलेल्या पेटीकडून आपल्या हवामानात दिवसाला चौरस मीटरमागे दोन ते चार लिटर पाणी मिळते.

एवढेच का? याचे उत्तर इयत्ता नववी-दहावीच्या गणिताने देता येते. स्वच्छ दिवशी एक चौरस मीटर सपाट जागेवर सुमारे २० मेगाज्यूल सौर ऊर्जा पडते. एक किलो पाण्याची वाफ होताना किती उष्णता लागते? पाठ्यपुस्तकात ग्रॅमला ५४० कॅलरी असे असते, पण ते १०० अंश सेल्सिअसला. पेटीतले पाणी उकळत नसते, ते साधारण ६० अंशांना असते आणि तेथे हा अप्रकट उष्मा थोडा अधिक, म्हणजे ग्रॅमला सुमारे ५६३ कॅलरी, किलोला २,३६० किलोज्यूल असतो. २०,००० भागिले २,३६० म्हणजे जवळजवळ साडेआठ. सूर्याची सारी ऊर्जा, एक कणही वाया न जाता, बाष्पीभवनास लागली तरी साध्या पेटीतून दिवसाला साडेआठ लिटरपेक्षा जास्त पाणी मिळणार नाही. प्रत्यक्षात काही प्रकाश काचेवरून परावर्तित होतो, काही उष्णता तळातून आणि बाजूंतून निसटते, काही पाण्याकडून काचेकडे प्रारणाने आणि हवेच्या अभिसरणाने जाते. ती काच गरम करते, पण थेंबभरही पाणी देत नाही. म्हणून हाती येतात अडीच-तीन लिटर.

आता खड्यांकडे वळू. खडे उष्णता निर्माण करीत नाहीत. पेटीत येणारी उष्णता सूर्याचीच आणि ती खडे असोत वा नसोत तेवढीच. महिन्याच्या पगारातून काही रक्कम बाजूला ठेवून ती पंचवीस तारखेला खर्च केली म्हणून पगार वाढत नाही. रात्री जे पाणी मिळाले त्याची उष्णता दिवसाच्या खात्यातून वळती झालेली असते. तेवढ्या प्रमाणात दिवसाचे पाणी उशिरा तापते आणि दिवसाचे उत्पादन कमी होते. 'रात्रीही पाणी मिळते' हे खरे, पण त्यावरून 'एकूण पाणी वाढते' हे सिद्ध होत नाही. आमचा पहिला आक्षेप हा आहे.

दुसरा आक्षेप साठ्याच्या आकाराचा. समजा एक चौरस मीटरच्या पेटीत दहा किलो खडे आहेत आणि रात्री ते ६० अंशांवरून ३० अंशांवर थंड झाले. दगडाची विशिष्ट उष्माधारकता किलोला अंशामागे ०.८४ किलोज्यूल धरू. १० गुणिले ०.८४ गुणिले ३० म्हणजे सुमारे २५० किलोज्यूल. ही सगळी उष्णता वाफ करण्यासाठी वापरली गेली, तरी मिळणारे पाणी जेमतेम १०५ मिलिलिटर! म्हणजे चहाचा एक कप. आता दहा किलो खड्यांऐवजी दहा लिटर पाणीच जादा ठेवले असते तर? पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१९. म्हणजे १,२५७ किलोज्यूल आणि जास्तीत जास्त ५३० मिलिलिटर पाणी. वजनास वजन धरले तर पाणी दगडाच्या पाचपट उष्णता साठवते. घनफळास घनफळ धरले, तरी दुप्पट. उष्णता साठवणाऱ्या स्वस्त पदार्थांत पाण्याचा हात धरणारे फारच थोडे आहेत आणि ते पाणी पेटीत आधीच आहे!

मग प्रश्न असा, की साठवणच हवी असेल तर पेटीत पाण्याचा थर जाड का करू नये? हा प्रयोग अनेकांनी केला आहे आणि त्याचे उत्तर बोलके आहे. थर जाड केला की रात्रीचे उत्पादन वाढते, पण चोवीस तासांचे एकूण उत्पादन बहुधा घटते. उथळ पाण्याची पेटीच सरस ठरते. सर्वात चांगला साठवण-पदार्थ वाढवला की एकूण पाणी कमी होते, याचा अर्थ काय?

याचा अर्थ बाष्पदाबाच्या कोष्टकात सापडतो. पाणी ६० अंशांना आणि काच ४५ अंशांना असेल, तर दोन्ही तापमानांच्या संपृक्त बाष्पदाबांतील फरक सुमारे ७८ मिलिमीटर पारा इतका असतो. आता रात्रीची स्थिती घेऊ. पाणी ४० अंशांना, काच २५ अंशांना. तापमानातील फरक तोच, १५ अंशांचा. पण बाष्पदाबातील फरक अवघा ३१ मिलिमीटर. वाफेला काचेकडे ढकलणारा जोर निम्म्याहून कमी झाला. याच १५ अंशांच्या फरकाने प्रारणातून जाणारी उष्णता मात्र फार तर एक षष्ठांशाने कमी होते. म्हणजे तापमान जितके जास्त, तितका उष्णतेचा मोठा वाटा वाफेकडे जातो. तापमान उतरले, की तीच उष्णता निष्फळ वाटांनी अधिक निसटते. साठवण म्हणजे दुपारचे उंच तापमान कापून रात्रीची उबदार संध्याकाळ लांबवणे. या सौद्यात फायदा असतोच असे नाही.

फायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. रात्री बाहेरची हवा थंड असते, काचेवर ऊन नसते, त्यामुळे काच चांगलीच थंड होते आणि पाणी व काच यांच्यातील तापमानाचा फरक वाढू शकतो. दुपारी पाणी फार तापत असेल, उदाहरणार्थ पेटीला आरसे किंवा वेगळा सौर तापक जोडला असेल, तर तळातून निसटणारी उष्णता साठ्यात अडवून ती रात्री वापरणे खरोखरच लाभाचे ठरते. पाण्याचा थर अगदी पातळ असेल आणि साठा त्याच्या खाली, तळाच्या पत्र्याला चिकटून असेल, तरीही लाभ होऊ शकतो. म्हणजे उष्मासाठा निरुपयोगी नाही. तो कोणत्या पेटीत, कोणत्या जागी आणि किती, यावर सारे अवलंबून आहे.

तरीही खडे टाकल्यावर उत्पादन वाढलेले मुलांना खरोखर दिसते. मुले खोटे बोलत नाहीत. मग हे पाणी येते कोठून? आमच्या मते बहुतेक वेळा ते साठवणुकीतून येत नाही. तीन साधी कारणे संभवतात. एक, काळे खडे प्रकाश चांगला शोषतात. मुळात तळाचा रंग फिका किंवा उडालेला असेल, तर खड्यांमुळे शोषण सुधारते. दोन, पाण्याच्या वर डोकावणारे ओले खडे बाष्पीभवनाचा पृष्ठभाग वाढवतात. तीन, खड्यांनी जागा व्यापल्यामुळे त्याच उंचीपर्यंत पाणी कमी मावते आणि कमी पाणी लवकर तापते. गंमत अशी, की या तिसऱ्या कारणाने खडे टाकल्यावर पेटीतील एकूण उष्मासाठा वाढत नाही, घटतो! निरीक्षण बरोबर आणि स्पष्टीकरण नेमके उलटे, असे हे उदाहरण आहे. वर्गात शिकवण्याजोगे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मेणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. पॅराफिन मेण वितळताना किलोला सुमारे २०० किलोज्यूल अप्रकट उष्मा घेते आणि गोठताना तो परत देते. दहा किलो मेणाचा साठा विशिष्ट उष्णतेसह अडीच हजार किलोज्यूलच्या घरात जातो, म्हणजे तत्त्वतः एक लिटर पाणी. हा आकडा खड्यांपेक्षा कितीतरी भारदस्त आहे. पण येथे तीन अटी आहेत. मेणाचा वितळणबिंदू पेटीला साजेसा हवा. पाणी ५५ अंशांपर्यंतच तापत असेल आणि मेण ५८ अंशांना वितळणारे असेल, तर त्याचा अप्रकट उष्मा अप्रकटच राहील. दुसरे, मेण उष्णतेचे मंदवाहक आहे. पाण्याच्या तुलनेत त्याची वाहकता एक तृतीयांश. बाहेरचा थर गोठला, की आतली उष्णता कोंडून राहते. म्हणून संशोधक त्यात धातूच्या पट्ट्या बसवतात किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे नॅनोकण मिसळतात आणि प्रत्येक उपायाबरोबर खर्च वाढतो. तिसरे, वितळताना मेण फुगते. नळी काठोकाठ भरली असेल तर ती फुटते आणि मेण पिण्याच्या पाण्याच्या पेटीत उतरते.

या संदर्भात मारिया टेल्केस यांची आठवण होते. हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या या शास्त्रज्ञ बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समुद्रात अडकलेल्या सैनिकांच्या तराफ्यांसाठी फुगवता येणारा छोटा सौर ऊर्ध्वपातक तयार केला. पुढे १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर येथे त्यांनी एका घराला उबदार ठेवण्यासाठी ग्लॉबर क्षाराचा साठा वापरला. हा क्षार ३२ अंशांच्या आसपास वितळतो. आरंभी घर छान उबदार राहिले. पण वितळण्या-गोठण्याच्या अनेक फेऱ्यांनंतर क्षाराचे थर वेगळे झाले, त्याची साठवणशक्ती ओसरली आणि काही हिवाळ्यांनंतर ही व्यवस्था सोडून द्यावी लागली. ऊर्ध्वपातक आणि उष्मासाठा या दोन्ही विषयांत अग्रभागी असलेल्या व्यक्तीचा हा अनुभव आहे. पहिल्या दिवशीचा आकडा आणि पाचशेव्या दिवशीचा आकडा एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. तीन दिवसांच्या प्रयोगावर उभारलेल्या दाव्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवे.

आता टक्केवारीकडे येऊ. आमचा तिसरा आणि सर्वात गंभीर आक्षेप तिच्याबद्दल आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साध्या पेटीने दिवसा २ लिटर आणि रात्री ०.४ लिटर पाणी दिले. साठा असलेल्या पेटीने दिवसा १.९ आणि रात्री ०.९ लिटर दिले. चोवीस तासांची बेरीज २.४ आणि २.८, म्हणजे वाढ सुमारे १७ टक्के. पण साध्या पेटीचे पाणी संध्याकाळी मोजून थांबलो आणि दुसरीचे सकाळपर्यंत मोजले, तर २ च्या जागी २.८, म्हणजे ४० टक्के. आणि तक्त्यावर केवळ रात्रीचे आकडे लिहिले तर ०.४ च्या जागी ०.९, म्हणजे १२५ टक्के! प्रयोग एकच, पाणी तेवढेच, पण आकडे तीन. यात कोणीही खोटे लिहिलेले नाही. तरी वाचणाऱ्याची फसगत व्हायची ती होतेच.

याखेरीज साधी पेटी मुळातच गळकी किंवा फिक्या तळाची असेल, तर सुधारणा मोठी दिसते. दुबळ्या पहिलवानाशी लढून जिंकण्यासारखे ते आहे. दोन पेट्या दिसायला सारख्या असल्या, तरी काचेच्या फटी सारख्या बुजवलेल्या नसतात आणि त्यातून निसटणाऱ्या वाफेचा फरकच खड्यांच्या नावावर जमा होतो. प्रयोग सुरू करताना मेण आदल्या दिवसाच्या उन्हाने अर्धे वितळलेले असेल, तर काल साठवलेली उष्णता आजच्या खात्यात दिसते.

या काटेकोरपणाची गरज काय, असे कोणी विचारील. कारण पाण्याचा प्रश्न खरा आहे. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, हे तेथील शिक्षकांना सांगायला नको. अशा गावातील पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी दिवसाला १५ लिटर पाणी लागते असे धरू. चौरस मीटरला अडीच लिटर मिळत असेल, तर सहा चौरस मीटरची पेटी हवी. उष्मासाठ्यामुळे खरोखर २० टक्के वाढ झाली, तर चौरस मीटरला तीन लिटर मिळतील आणि पाच चौरस मीटर पुरतील. म्हणजे साऱ्या सुधारणेची किंमत एक चौरस मीटर पेटीएवढी. पाच चौरस मीटरमध्ये भरायच्या साठ्याचा खर्च त्याहून कमी असेल, तर सुधारणा जरूर करावी. जास्त असेल, तर एक काच जादा बसवावी. पन्नास किलो मेण आणि त्याच्या नळ्या या कसोटीला उतरतील का, हे बाजारभाव विचारून मुलांनीच ठरवावे. फुकटात मिळणारे खडे मात्र, त्यांच्या कामाचे स्पष्टीकरण चुकीचे असले, तरी या कसोटीला उतरू शकतात! फक्त त्यांच्यावर साचणारे क्षार धुण्याचे श्रमही हिशेबात धरावेत.

आणखी एक गोष्ट. साडेआठ लिटरची मर्यादा खरोखर ओलांडायची असेल, तर वाट साठवणुकीतून जात नाही. वाफ काचेवर थिजते तेव्हा तिचा अप्रकट उष्मा काचेला मिळतो आणि वाऱ्यावर जातो. हीच उष्णता पुढच्या थरातील पाण्याची वाफ करण्यासाठी पुन्हा पुन्हा वापरली तर? २०२० साली एमआयटी आणि शांघाय जिआओ तोंग विद्यापीठ यांच्या संशोधकांनी एकापाठोपाठ दहा टप्पे असलेले उपकरण करून दाखवले. त्याची कार्यक्षमता ३८५ टक्के आणि उत्पादन चौरस मीटरला ताशी ५.७८ लिटर असल्याचे त्यांनी नोंदवले. शंभराच्या वर कार्यक्षमता म्हणजे ऊर्जा-अक्षय्यतेचा भंग नव्हे. तीच उष्णता अनेकदा कामाला लावली, एवढाच त्याचा अर्थ. हे उपकरण अजून गावोगाव पोचलेले नाही, पण सुधारणेची खरी जागा कोठे आहे हे त्याने दाखवले आहे.

मग शाळेत ही प्रतिकृती करू नये का? अवश्य करावी, पण ती प्रयोग म्हणून करावी. आम्ही अशी मांडणी सुचवतो. सारख्या मापाच्या चार पेट्या घ्याव्यात. चौघींचा तळ एकाच काळ्या रंगाने रंगवावा आणि खालून व बाजूंनी थर्मोकोल किंवा भुसा भरावा. पहिलीत नुसते उथळ पाणी. दुसरीत तेवढेच पाणी आणि काळे खडे. तिसरीत पाणी तेवढेच, पण खडे पांढरे. चौथीत खडे नाहीत, मात्र दुसरीतील खडे जितकी उष्णता साठवतात तितकी साठवणारे जादा पाणी. दहा किलो खड्यांना दोन लिटर पाणी पुरेसे आहे. मोजणी सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत करावी, दिवसाचे आणि रात्रीचे पाणी वेगवेगळे लिहावे. निदान आठवडाभर नोंदी घ्याव्यात आणि मध्येच पेट्यांतील सामान अदलाबदल करावे, म्हणजे पेटीचा दोष खड्यांच्या माथी बसणार नाही. खर्च साठवणुकीचा असेल तर दुसरी, तिसरी आणि चौथी पेटी जवळपास सारखे वागतील. काळ्या रंगाचा असेल तर तिसरी मागे पडेल. ओल्या पृष्ठभागाचा असेल तर चौथी मागे पडेल. उत्तर काहीही आले, तरी ते मुलांचे स्वतःचे असेल.

आणि परीक्षक म्हणून आपल्याला बोलावले, तर तक्त्यावरील टक्केवारी पाहून मान डोलावण्यापूर्वी एवढेच विचारावे : 'ही वाढ कशाच्या तुलनेत? किती तासांची? आणि खडे काढून तेवढेच पाणी जादा घालून पाहिलेस का?' ज्या विद्यार्थ्याने वाढ फक्त पाच टक्के लिहिली आहे, पण या तीन प्रश्नांना नीट उत्तरे दिली, त्याला आम्ही शंभर टक्केवाल्यापेक्षा अधिक गुण देऊ. ज्या शाळा या उन्हाळ्यात हा प्रयोग करतील, त्यांनी आपल्या नोंदी आम्हाला जरूर कळवाव्यात. वाढ न झाल्याच्या नोंदीही तितक्याच अगत्याने पाठवाव्यात.